सूचना : जवळचं माणूस खचलेलं वाटत असेल तर

सभासदहो,
‘आता माझं ओझं कुणावर राहणार नाही’ असं कुणी म्हणालं तर थट्टेवारी नेऊ नका. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरव करणं, झोप उडणं, दारू वाढणं, माणसांत येणं थांबणं, याही जीव द्यायचा विचार मनात असल्याच्या खुणा असू शकतात. बरेच दिवस खचलेलं माणूस एकाएकी शांत दिसू लागलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका. कधी कधी ती निर्णय पक्का झाल्याची शांतता असते. आधी प्रयत्न झालेला असेल तर धोका जास्त.

सरळ विचारा : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘असलं काही मनात नाही ना?’ असं मात्र नको. त्यात ‘नाही’ हे उत्तर आपणच पुरवतो. ‘हो’ आलं तर उपदेश करू नका, शपथा घालू नका. ऐका. मग विचारा : काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का? असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, आणीबाणीच्या सेवेला फोन करा. औषधांचा साठा, कीटकनाशक, शस्त्र घराबाहेर हलवा. नुसतं लपवून भागत नाही. तीव्र ऊर्मी बरेचदा थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ मिळवायचा असतो.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. डॉक्टरांकडे सोबत जा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे फार जोखमीचे. त्या काळात फोन चुकवू नका.