बैलाच्या डोक्यावर कोल्ह्याचे कान

महोदय,

संगणकीय ॲनिमेशन शिकवणाऱ्या एका संस्थेत अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची कामे तपासण्याचा योग नुकताच आला. एकाने कार्टून शैलीतील खिल्लार बैल केला होता. रंग पांढराशुभ्र, शिंगे लांब आणि मागे झुकलेली, वशिंडही बेताचे. कान मात्र शिंगांच्याही वर, टाळूवर, ताठ उभे होते. विचारल्यावर त्याने प्रांजळपणे सांगितले की, इंटरनेटवर सापडलेला धडा कोल्ह्याचा होता आणि तोच कान थोडा ताणून त्याने बैलाला लावला. गाय-बैलाचे कान शिंगांच्या खाली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आडवे फुटतात, ही गोष्ट दरवर्षी पोळा पाहणाऱ्या मुलाच्याही लक्षात येऊ नये, याचे नवल वाटले, म्हणून हे पत्र.

आमच्या वर्गांत चेहरा, डोळे आणि चाल यांना आठवडे दिले जातात, तर कान शेवटच्या तासाला उरकले जातात. एक शंकू घ्यायचा, चपटा करायचा, डोक्याला टेकवायचा आणि मिरर मॉडिफायरने दुसऱ्या बाजूला उमटवायचा, की झाले काम. वास्तविक कान म्हणजे मुळाशी गुंडाळलेले आणि वर उमलत गेलेले पान असते. त्यामुळे प्राणी कान वळवतो तेव्हा कानाच्या पातीबरोबर कानाचे उघडे तोंडही फिरते. संगणकातली आकृती चौकोनांच्या जाळीची असते; डोक्याच्याच जाळीतील काही चौकोन एक्स्ट्रूड करून, म्हणजे बाहेर ओढून, कान वाढवला, मुळाभोवती एज लूपची, म्हणजे जाळीच्या कडांच्या बंद रांगांची, दोन-तीन वलये राखली, कडेला जाडी दिली आणि आतला खळगा खोल केला, तर वळताना मूळ चिरडल्यासारखे दिसत नाही. कार्टूनमध्ये तपशील गाळण्याची मुभा असते, हे मान्य. मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या अंगास, कातडीची खिशासारखी एक छोटी घडी असते. ती खुशाल गाळावी. गीर गाईचा लांब, लोंबता, वळलेल्या पानासारखा कान गाळला, तर मात्र ती गीर राहतच नाही.

रिगिंगमध्ये, म्हणजे या आकृतीत हलणारा सांगाडा बसवताना, हयगय अधिक उघडी पडते. आपण म्हणतो की कुत्रा कान टवकारतो, कान पाडतो. रिगला निदान ही दोन कामे तरी जमली पाहिजेत. बैलाच्या कानाला तीन-चार बोनची, म्हणजे या सांगाड्यातल्या हाडांची, साखळी पुरते, सशाला पाच-सहा लागतात. पहिला बोन डोक्याच्या बोनला जोडलेला असावा आणि कान स्वतःभोवती फिरवण्याची सोय त्याच्याकडे असावी. मी स्वतः उमेदवारीच्या काळात दोन्ही बाजूंचा बोन रोल, म्हणजे बोनचा स्वतःच्या अक्षाभोवतीचा कोन, जुळवून घेतला नव्हता, तेव्हा माझ्या सशाचा उजवा कान आत वळे आणि डावा बाहेर. त्यात भर म्हणजे वेट पेंटिंग, म्हणजे कोणता बोन आकृतीचा कोणता भाग किती हलवेल हे ठरवणारे रंगकाम, गालापर्यंत पसरल्याने त्याने कान पाडला की पापणीही मिटे. दिग्दर्शकांना वाटले, ससा डोळा मारतो आहे. ती चूक सापडायला मला पूर्ण एक रात्र लागली.

याशिवाय दोन्ही कान एकाच कंट्रोलला, म्हणजे रिग हलवण्याच्या एकाच मुठीला, बांधण्याची खोड मोडायला हवी. घोड्याचा एक कान समोर आणि दुसरा मागे वळलेला कोणीही पाहू शकतो; तोच घोडा चिडला की दोन्ही कान मानेकडे चिकटवतो. हे वेगळेपण काढून घेतले, तर कानांतून भाव दाखवायला काही उरत नाही. लोंबत्या कानाचे टोक मुळाच्या मागून पोहोचले पाहिजे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या, तर साखळीतील प्रत्येक बोन आधीच्यापेक्षा साधारण दोन चौकटी उशिरा हलवला, तरी कानाला वजन येते. यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. विनामूल्य मिळणाऱ्या ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे होते.

माझी विनंती एवढीच आहे की, संगणक सुरू करण्यापूर्वी किमान एक आठवडा विद्यार्थ्यांना गोठ्यात, गुरांच्या बाजारात, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्यासमोर वही घेऊन बसवावे आणि त्या वहीला गुण द्यावेत. गुण नसले, तर ती वही कोणी उघडणार नाही, हेही अनुभवाने सांगतो.

त्या विद्यार्थ्याने नंतर मामाच्या गोठ्यातील बैलाचे मोबाइलवर चित्रण करून आणले. माशी बसताच बैलाचा एकच कान फडकतो आणि दुसरा जागचा हलत नाही, हे त्याने स्वतःच मला दाखवले. कानांचे मूळ आता शिंगांखाली उतरले आहे. बोन मात्र त्याने प्रत्येक कानाला सात घातले आहेत. चार पुरले असते.

आपला,
एक ॲनिमेशन शिक्षक, पुणे