आई, गुरुवारी फोन तू उचल

ती. आई आणि आबा,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की आई ‘बरं आहे ना सगळं?’ एवढंच विचारते आणि फोन आबांच्या हातात देते. चिऊशी तर ती शिमग्यापासून बोललीच नाही. म्हणून पत्र लिहितेय. आबा, हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आई, बेदाण्याच्या शेडवर त्या दिवशी जे झालं, ते तुझ्यामुळं झालं नाही. चिऊनं निवडलेल्या हिरव्या मालात काळपट बेदाणे मिसळले, तू ओरडलीस, ती हुंदके देऊन रडली. तिच्या उजव्या मुठीत बेदाणे होते. ती मूठ आपोआप सैल झाली, बेदाणे एकेक करून खाली पडले, आणि ‘आज्जी’ म्हणायला गेली तर तिची जीभ वळेना. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दहा मिनिटांत हात पहिल्यासारखा झाला. कुणी कांदा हुंगवला, कुणी अशक्तपणा म्हणालं. एका दवाखान्यात तर ‘हट्टी पोरं असं करतात’ म्हणून परत पाठवलं, आणि मीही ते खरं मानलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आजाराचं नाव मोयामोया. शब्द जपानी आहे. तिथल्या डॉक्टरांनी 1957 साली असा रुग्ण पहिल्यांदा नोंदवला आणि 1969 मध्ये हे नाव पडलं. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या कवटीच्या आत, टोकाला, हळूहळू आवळत जातात. मोठी वाट बंद होत आली की रक्त केसासारख्या बारीक वाटा काढतं. जांघेतून नळी घालून, औषध सोडून चिऊचा फोटो काढला, तो मी पाहिला. चुलीवरच्या धुराचा लोट असावा तसं ते जाळं दिसतं. जपानीत मोयामोया म्हणजे तसंच काहीसं, धुरकट.

आता रडण्याचं सांगते. पोरगं हुंदके देऊन रडतं तेव्हा भराभरा श्वास सोडतं, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तुझ्या-माझ्या डोक्यात त्यानं काही बिघडत नाही. चिऊच्या आधीच अरुंद झालेल्या वाटेत मात्र रक्त पुरेना, म्हणून हात गळाला. गरम आमटीवर फुंकर घालतानाही हे होतं, पिपाणी वाजवतानाही. ती तुझ्याकडं रडली नसती तर शाळेत रडली असती. उलट त्या दिवसामुळं आजार वेळेत सापडला, नाहीतर पुढं कायमचा पक्षाघात झाला असता तर काय केलं असतं?

आणि हे कुणाच्या घराण्यातून आलं, हा विषय आता दोन्ही घरांनी बंद करावा. जपानमध्येसुद्धा सुमारे दहा-पंधरा टक्के रुग्णांच्याच घरात आणखी कुणाला हा आजार असतो.

आबा, ऑपरेशन तुम्हाला लगेच समजेल. कानाच्या पुढं, कानशिलावर बोट ठेवा, ठोका लागतो ना? ती कातडीखालची रक्तवाहिनी. कवटीला खिडकी पाडून तिची फांदी मेंदूवर टेकवून शिवतात, आणि तिच्यातून नव्या बारीक वाहिन्या मेंदूत उतरतात. तुम्ही डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधता आणि ते जीव धरेपर्यंत रोज बागेत जाऊन बघता, तसंच. फक्त इथं काही महिने थांबावं लागतं. उजवी-डावी दोन्ही बाजू झाल्या, जूनमध्ये एक, ऑगस्टमध्ये दुसरी. आवळलेली मूळ वाहिनी काही मोकळी होत नाही, तसं औषधच नाही. ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे, ती रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

दिवाळीला आम्ही तासगावला येतोय. चिऊला दिवसभर पाणी देत राहा, उन्हात बागेत फिरवलं तर जास्तच. उपाशी ठेवायचं नाही, आजीबरोबर उपास करते म्हणाली तरी नाही. आमटी परातीत पसरून गार करून द्या. पुन्हा हात गळाला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर आडवं निजवा, जवळ बसून शांत करा आणि थेट मिरजेला दवाखान्यात न्या. दहा मिनिटांत बरी झाली तरी न्या. तेव्हा तोंडात पाणी, औषध काही घालू नका, आणि कांदा तर नकोच.

पण आई, तिला कुणी काही बोलायचंच नाही, असं कृपा करून करू नकोस. चुकली तर सांग, हळू आवाजात सांग, रडू आलं तर जवळ घेऊन सावकाश श्वास घ्यायला लाव. डॉक्टरांनी तिला तसं शिकवलंय, ती तुलाही शिकवेल. परवा केसांत तेल लावताना कानाच्या वर ऑपरेशनच्या खुणेवर माझं बोट गेलं, तेव्हा तिनं विचारलं, “आज्जी माझ्यावर अजून रागावलीय का? मी बेदाणे परत निवडून देईन की.” मला काही उत्तर सुचलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सातला फोन करते. आबा, त्या वेळी तुम्ही बागेतच थांबा. फोन आईला उचलू दे.

तुमची,
ताई