तारीख कोणाच्या खात्यावर?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फौजदारी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून माझी बरीच वर्षे रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला खटल्यात काय घडले याची नोंद, लिहिण्यात गेली. खटला रेंगाळला अशी तक्रार घेऊन आरोपी वरच्या न्यायालयात गेला, की तिथे मुख्यतः हाच कागद पाहिला जातो. जलद खटल्याच्या हक्कावर कायद्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाते, या कागदाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा घटनेच्या कलम २१ मधला हक्क मानला. पुढे डिसेंबर १९९१ मध्ये अंतुले प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विलंब कसा तोलायचा हे सांगितले. किती वर्षे गेली एवढेच मोजून चालणार नाही. गुन्हा कसला, आरोपी आणि साक्षीदार किती, न्यायालयावर कामाचा भार किती, उशीर कोणामुळे झाला आणि त्यात आरोपीचे नुकसान काय झाले, हे सगळे बघायचे. ठरावीक मुदत त्यांनी घातली नाही. नंतर काही निकालांनी ती घालून पाहिली, पण २००२ साली रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींनी ती काढून टाकली. मला ते पटते. चार साक्षीदारांच्या आणि दोनशे साक्षीदारांच्या खटल्याला एकच माप कसे लावणार?

निव्वळ वर्षांवर निकाल लागत नाही याचे ठळक उदाहरण म्हणजे रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा यांच्या हत्येचा खटला. बॉम्बस्फोट जानेवारी १९७५ चा. सदतीस वर्षे उलटल्यावरही २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द करायला नकार दिला आणि निकाल लागला डिसेंबर २०१४ मध्ये.

म्हणजे सगळा भार येऊन पडतो ‘कोणामुळे’ या प्रश्नावर. आणि त्याचे उत्तर शोधायचे कुठे, तर रोजनाम्यात.

एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. घरफोडीचा आरोपी, पोरसवदा, जामीनदार नाही म्हणून आत. पंच साक्षीदार दोन तारखांना सकाळी अकराच्या आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. दोन्ही वेळा कैदी पार्टी, म्हणजे कैद्याला तुरुंगातून न्यायालयात आणणारे पोलिसांचे पथक, मिळाली नाही, आरोपीला तुरुंगातून आणलेच नाही, आणि पंच संध्याकाळी परत गेला. हातावर पोट असलेला माणूस, दोन दिवसांची मजुरी बुडालेली. तिसऱ्या तारखेला आरोपी आला, पंच आला नाही. मी रोजनाम्यात लिहिले, ‘साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख.’ लिहिले ते खरेच होते, पण तारीख कशामुळे वाया गेली ते त्या ओळीत कुठेच नव्हते. नंतर जामिनाच्या सुनावणीत हाच रोजनामा वाचून सांगितले गेले, की साक्षीदार येत नाहीत त्याला सरकार पक्षाचा इलाज नाही, बचाव पक्षानेही तहकुबी घेतली आहे, शिवाय आरोपीने खटला लवकर चालवा असा अर्ज कधी दिलेला नाही. बचावाच्या तहकुब्या होत्या तीन. त्यातली एक वकिलांच्या घरी मयत झाली तेव्हाची.

अर्ज दिला नाही, हा मुद्दा ऐकला की मला आजही राग येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बार्कर प्रकरणात चार गोष्टी तोलायला सांगितल्या: विलंब किती, कारण काय, आरोपीने हक्क मागितला का, आणि नुकसान काय झाले. बार्करचा खटला पाच वर्षांहून अधिक लांबला होता, सरकार पक्षाने सोळा वेळा तहकुबी मागितली होती, तरी तो हरला. कारण त्याला खटला लवकर व्हायलाच नको होता असे न्यायालयाला दिसले. आपल्या घटनापीठाने हा निकाल विचारात घेतला, पण मागणी केली नाही एवढ्यावरून आरोपीचा दावा फेटाळता येणार नाही, असे स्वच्छ सांगितले. ज्याला आपला वकील कोण हेही तारखेच्या दिवशीच कळते, तो कोठडीतून कसला अर्ज देणार? तरीही खालच्या न्यायालयांत हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, की त्याला सोडण्याची तरतूद आहे; फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर नाही. पण त्याच कलमात एक खुलासा आहे: आरोपीमुळे झालेल्या विलंबाचे दिवस या हिशेबातून वजा करायचे. वजाबाकी करायची कशावरून? पुन्हा त्याच अर्ध्या ओळीवरून. कॅनडात २०१६ च्या जॉर्डन निकालाने खालच्या न्यायालयांतील खटल्यांना अठरा आणि वरच्या न्यायालयांतील खटल्यांना तीस महिन्यांची मर्यादा घातली, पण तिथेही बचावाने केलेला उशीर वगळायचा असतो, म्हणजे तारीखवार हिशेब कोणालाच चुकत नाही.

फिर्यादीच्या बाजूनेही मी हे बोलतो आहे. ज्याचे घर फुटले तो माणूसही त्याच बाकावर बसून होता. खटला रद्द करणे हा एकच उपाय नाही. ठरावीक मुदतीत संपवण्याचा आदेशही देता येतो, असे अंतुले निकालातच म्हटले आहे.

माझी मागणी लहान आहे आणि ती उच्च न्यायालयाच्या प्रशासनाने मनावर घेतली तर कायदा बदलावा लागणार नाही. प्रत्येक तहकुबीपुढे कारण पूर्ण लिहावे आणि ती सरकार पक्षामुळे, बचावामुळे की न्यायालयाच्या अडचणीमुळे, हे त्याच दिवशी दोन्ही वकिलांसमक्ष नोंदवावे. न्यायाधीश रजेवर असतील तर तसे लिहावे. कैदी पार्टी आली नाही तर ती तारीख सरकारच्या खात्यावर टाकावी. साक्षीदार येऊन परत गेला तर त्याची हजेरी लागावी. माझ्या त्या पंचाच्या नावापुढे ‘दोनदा हजर, आरोपी न आणल्याने परत’ एवढे लिहायला अर्धा मिनिट लागला असता. मी ते लिहिले नाही, आणि जामीन नाकारणाऱ्या आदेशात माझीच ओळ उतरली.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी