सुध्या, तुमच्या ओट्याची फरशी सापडली

नाशिक

प्रिय सुध्या,

जुन्या नाशकातल्या तिवंध्याच्या तुमच्या पाडलेल्या वाड्याची ओट्यावरची फरशी मला सापडली. पिंपळगाव खांबच्या पुढे, वालदेवी नदीच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला राडारोड्याच्या ढिगात. तीच शहाबादी, जिच्यावर तू खिळ्याने नवकंकरीच्या खेळाचा पट कोरलास आणि अण्णांचा धपाटा मला बसला. एक कोपरा उडालाय, पण एकात एक तीन चौकोन अजून स्पष्ट आहेत. बाहेरच्या चौकोनाची एक रेघ वाकडी गेलेली, तीही तशीच. म्हणून खात्रीने सांगतो, दुसऱ्या कुणाच्या वाड्याची नाही.

फोन करणार होतो. पण फोनवर तू "असू दे रे विल्या, जुनंच होतं ते" म्हणशील आणि बडोद्यातल्या उन्हावर येशील. हे मला नीट, सलग सांगायचंय. घरी सांगितलं तर "फरशीच ना?" एवढंच ऐकायला मिळालं. त्या फरशीवर बसून आपण दहावीची भूमिती केली आणि रंगपंचमीला रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदातून निघून, नखशिखांत रंगून, तिथेच ओले बसलो. पुढे काकूंनी चार दिवस ती घासली, तरी डाग गेले नव्हते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आता ढिगाबद्दल. मी साइटवर उभं राहून आयुष्य काढलं, त्यामुळे ढीग बघितला की इमारत कळते. तुमच्या वाड्याच्या चपट्या विटा, चुन्याची ढेकळं, भिंतीतली पांढरी माती, फुटकी कौलं, मागच्या संडासाचं भांडं, माळ्यावरच्या बरण्यांच्या काचा. हे सगळं तिथे आहे. काय नाही ते बघ. सागाचे खांब नाहीत, तुळया नाहीत, कोरलेल्या महिरपी नाहीत, देवघराची चौकट नाही, दाराच्या पितळी कड्या नाहीत. अख्ख्या निघालेल्या विटाही नाहीत. ज्याला भाव होता ते सगळं बाजारात गेलं आणि त्याचा मालक प्रत्येक टप्प्यावर ठरलेला होता. पाडकामवाला वाडा उतरवायचे पैसे घेत नाही, उलट लाकूड-लोखंडाच्या हिशेबात मालकाला नाहीतर बिल्डरला पैसे देतो, हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्या दादाने त्या खांबांसाठी किती घासाघीस केली ते तूच मला हसत सांगितलं होतंस. मग खांबाला मालक होता आणि त्याच खांबाखालच्या फरशीला नव्हता, असं कसं? माझं डोकं या एका प्रश्नावर अडकलंय. ज्याने लाकडाचे पैसे घेतले, त्याचीच माती. ती कुठे गेली हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आणि असा ढीग एकटा राहत नाही. आधी राडारोडा येतो. तो दिसला की ही टाकायची जागा आहे असं सगळ्यांना वाटतं. आता तिथे कोंबड्यांच्या पिसांची पोती आहेत, लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या आहेत, लहान मुलांचे डायपर, भिजलेली गादी, औषधांच्या बाटल्या. कुत्र्यांची टोळी जमते, संध्याकाळी दुचाकीवाल्यांच्या मागे लागते. गायी पिशव्यांसकट शिळं अन्न खातात. मधूनच कुणीतरी पेटवून देतो आणि तो धूर आसपासच्या वस्तीत घुसतो. उतार सरळ नदीकडे आहे. दाढेगावचा पूल वालदेवीला पाणी आलं की पाण्याखाली जातो. त्याच पात्रात आता वरून माती आणि विटा सरकणार. २००८ च्या सप्टेंबरात पुराचं पाणी सराफ बाजारात शिरलं, तेव्हा तू मुद्दाम बडोद्याहून आला होतास. पाणी ओसरल्यावर गोदाकाठच्या झाडांना उंचावर लटकलेल्या त्या पिशव्या आठवतात? तू म्हणालास, नदीने आपलं आपल्याला परत दिलं. मला ते वाक्य आवडलं नव्हतं, आपण वादही घातला होता. पण त्या रस्त्यावर उभा होतो तेव्हा तेच डोक्यात होतं.

मी विचारायला गेलो. एका कार्यालयात म्हणाले, रस्ता आमचा, पण कडेची जागा आमची नाही. दुसरीकडे म्हणाले, जागा आमच्या हद्दीत येते का ते नकाशा बघून सांगू, गट नंबर आणा. तिसरीकडे सांगितलं, पात्रात पडलं असेल तर आमचं, काठावर असेल तर नाही. वागायला सगळे नीट होते, एकाने चहाही पाजला. पण ढीग तिथेच आहे. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची बावीस गावं एकत्र करून १९८२ साली महापालिका झाली तेव्हा आपण केवढे होतो, आठव. शहर त्या गावांपर्यंत पोचलं आणि आता त्यांच्याही पलीकडे जातंय. जिथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची नीट सुरू होत नाही, तिथेच रात्री ट्रॅक्टर रिकामे होतात. टाकणाऱ्यांना त्या रेषा आपल्यापेक्षा चांगल्या माहीत असतात.

एक ट्रॅक्टरवाला मला तिथे भेटला. तुमची माती त्याने आणली की दुसऱ्याने, माहीत नाही, मी विचारलंही नाही. पेठ तालुक्याकडचा पोरगा, पंचविशीचा. त्याला खेपेवर पैसे मिळतात. डिझेल त्याचं, ट्रॉली शेठची. म्हणाला, "काका, आम्हाला कागद कोणी देत नाही. ‘कुठंतरी टाकून ये’ एवढंच सांगतात." आधी म्हणे खोलगट वावरात भरावाला टाकायचे. शेतकऱ्याला मुरूम हवा होता. कौलं आणि काच बघून त्याने ट्रॉली परत पाठवली, आणि बरोबरच केलं, त्याला उद्या तिथे अनवाणी चालायचंय. भरलेली ट्रॉली घेऊन पोरगा शहरात परत कशाला जाईल? सापडला तर दंड त्यालाच, ट्रॅक्टरही त्याच्याच हातून ओढून नेणार. गाडीचा नंबर मी लिहून घेतला नाही. मला तो पोरगा नकोय.

सुध्या, नियम नाहीत असं समजू नकोस. मी बसून वाचले. बांधकाम आणि पाडकामाच्या मलब्याचे वेगळे नियम २०१६ च्या मार्चमध्ये निघाले. तुमचा वाडा गेल्या दिवाळीनंतर उतरला तेव्हा तेच लागू होते. मलबा ज्याच्या कामातून निघतो, तो गोळा करायची, वेगळा करायची, रस्त्यावर किंवा गटारात जाणार नाही हे बघायची जबाबदारी त्याची. एका दिवसात २० टनांहून जास्त किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा निघणार असेल, तर काम सुरू करायच्या आधी तो कुठे जाणार याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं, विटा-गिलावा वेगळा. ट्रॉली तीन-चार टनांची धर. तुमच्या दोन चौकी वाड्याच्या एका रात्रीत किती ट्रॉल्या गेल्या असतील, तूच हिशेब कर, गणित तुझं पहिल्यापासून चांगलं. आता २०२५ चे नवे नियम आलेत, १ एप्रिल २०२६ पासून अंमल. त्यात बांधणाऱ्यावर मलबा पुन्हा वापरात आणायची सक्ती आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना. गावठाणातला एकही वाडा त्यात बसणार नाही. आणि जुन्या नाशकात दर पावसाळ्याला कुठली ना कुठली भिंत खचते, धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, एकेक वाडा उतरतो. ती सगळी माती कुठेतरी जाणारच.

महापालिकेला यातून सोडतोय असं नाही. रस्त्यावरची घाण उचलणं हे १९४९ च्या महापालिका अधिनियमात तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. रतलामच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं की पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला चालायची नाही. लहान मालकाला मलबा टाकायला शहराच्या प्रत्येक बाजूला जागा हवी, जवळ हवी, आणि परवडेल अशा दरात उचलून नेणारी गाडी हवी. आपल्या नाशिकची घंटागाडी बघायला बाहेरगावचे लोक येत. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. सकाळी घंटा वाजली की आमच्या गल्लीत ओला-सुका वेगळा घेऊन सगळे खाली उतरतात. पण जुनी गादी, फुटका कमोड, न्हाणीघराच्या चार घमेली फरश्या, यांच्यासाठी कुठली घंटा वाजत नाही. मग शेजारचा सज्जन माणूससुद्धा कुणा टेम्पोवाल्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवतो आणि विचारत नाही, कुठे नेतोस. माझं मत विचारशील तर पहिला दोष या न विचारण्याचा आहे. पोरगा टाकतो ते शेवटी.

तुला राग येणार हे मला दिसतंय. वाडा पाडायच्या वेळचं आपलं भांडण तू विसरला नसशील. मी म्हटलं होतं, दुरुस्त करा, टेकू द्या, दर्शनी भाग तरी ठेवा. तू म्हणालास, "तुला खांबांचा पुळका, पावसाळ्यात आत झोपून दाखव." तुझं खरं होतं. मागची भिंत ज्या वर्षी बसली, त्या वर्षी काकू तिथे असत्या तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. सोळा हिस्सेदार, प्रत्येकाची वेगळी चूल, दुरुस्तीच्या खर्चाला कुणी हात लावत नव्हतं. वाडा जाणार होता. त्यावर माझी तक्रार उरलेली नाही, हे मनापासून सांगतो. तो उतरला तसा कुठेतरी रीतीने पोचायला हवा होता, एवढंच. पांढरी माती गाळून पुन्हा वापरता येते, विटांचा चुरा पायाखाली घालता येतो, शहाबादी तर आणखी दोन पिढ्या टिकली असती.

कुंभमेळा २०२७ चा. शहरात रस्ते, घाट, पूल यांची कामं जोरात आहेत, आणि त्यांचाही राडारोडा निघतोय. साधू आणि यात्रेकरू ज्या वाटांनी येतील त्या वाटा स्वच्छ होतील, यात मला शंका नाही. मला भीती ही आहे की तिथले ढीग उचलून आणखी दोन गावं पुढे टाकले जातील. गाडगे महाराजांची धर्मशाळा ज्या गावात आहे, त्या गावाने तरी असं करू नये.

तर मी लेखी तक्रार देणार आहे, तिन्ही कार्यालयांना एकच, फोटोंसकट. तिच्यात मी ट्रॅक्टरचा नाही, इमारतीचा पत्ता लिहिणार. म्हणजे विकसकाचं नाव येईल आणि जागेचे मालक म्हणून तुम्हा हिस्सेदारांचंही येईल. दादाचं पहिलं, कारण सह्यांत तोच पहिला. तो माझ्यावर चिडेल. लहानपणी आपण त्याची सायकल गोदावरीत धुवायला नेली आणि चेन हरवून आणली, तेव्हापासून त्याचा माझ्यावर राग आहेच, त्यात भर. पण तुझ्या पाठीमागे मला हे करायचं नाही. माझी इच्छा अशी आहे की तक्रारीच्या आधी तुम्हीच विकसकाला पत्र द्यावं, की मलबा उचला आणि कुठे पोचवला त्याची पावती आम्हाला दाखवा. नवीन इमारतीत तुम्हा दोघांचे फ्लॅट आहेत, तो तुमचं ऐकेल. माझं कशाला ऐकेल?

फरशी मी घरी आणली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, काका, नक्की हीच न्यायचीय का? गच्चीत ठेवलीय. काकूंना एवढ्यात सांगू नकोस. त्यांना फरशीचं बरं वाटेल, पण बाकीचं विचारतील, आणि तुला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही.

माझी शुगर ठीक आहे, गोळी तीच. वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? मनूला मुलगा झाल्याचं दादाकडून कळलं, तू कळवलं नाहीस, त्याचे पेढे बाकी आहेत. रिटायर होऊन तू पुन्हा कन्सल्टन्सी धरलीस म्हणे. बरं केलंस, घरात बसून तू वहिनींना छळलं असतंस.

आता कामाचं. विकसन करारनाम्याची प्रत तुझ्याकडे आहे. तिच्यात पाडकामाचा मलबा कुणी, कुणाच्या खर्चाने हलवायचा याचं कलम असणारच, अशा करारांत असतं. ते पान आणि सह्यांचं पान, दोन्हींचे फोटो काढून पाठव. विकसकाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी करतो, दादाशी तू बोल. पाऊस जूनमध्ये लागेल, त्याआधी ढीग तिथून हलला पाहिजे, एकदा माती पात्रात उतरली की पुन्हा कुणाची हद्द यावर वर्ष जाईल. या आठवड्यात पाठव.

तुझा,
विलास