तीन वजनकाटे आणि पाच ग्रॅम शिसं

काका, नमस्कार,

तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणता आणि काकूंना चहा टाकायला सांगता, म्हणून शेवटी लिहून राहिली आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते, नागपुरात अजून कोणी घरी बसून आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान बनवत असेल तर तुम्ही मला जे शिकवलं ते त्यालाही मिळावं.

डिसेंबरात माझं हरिकेन पडलं ना, त्या दिवशी मी गाडीच्या डिकीतून तुकडे काढत होती आणि तुम्ही दूध घेऊन येत होते. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी "कसं पडलं, किती खर्च झाला होता" हे विचारलं. तुम्ही पिशवी खाली ठेवली, विमानाची शेपटी हातात घेऊन जरा वरखाली करून पाहिली आणि विचारलं, "ह्याचं वजन किती, आणि ते वजन कुठे आहे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसरा प्रश्न सात महिन्यांत मला एकदाही सुचला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मॉडेल एक दशांश स्केलचं आहे. खरं हॉकर हरिकेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२.१९ मीटर, माझ्याचे १२२ सेंटिमीटर. हेच विमान निवडलं कारण आपल्या वायुसेनेच्या १ नंबर स्क्वाड्रनने १९४४ साली इम्फाळच्या लढाईत हरिकेन उडवली, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग तेव्हा तिचे प्रमुख होते. आणि खऱ्या हरिकेनचा मागचा भाग म्हणजे आत स्टीलच्या नळ्या, वर लाकडी पट्ट्या आणि त्यावर कापड, मग मीही मागे बाल्साच्या, म्हणजे एकदम हलक्या लाकडाच्या, बारीक पट्ट्या एकेक करून चिकटवल्या, ऑफिसमधून आल्यावर रोज रात्री, जेवण झालं की. माझा फार जीव आहे त्या विमानावर.

पडलं कसं तर, हातातून सुटलं, दहा-बारा मीटर वर गेलं आणि आपोआप नाक वर करायला लागलं, मी नाक खाली घेतलं तर एकदम खाली, परत ओढलं तर आधीपेक्षा जास्त वर, असं दोनदा झालं, मग स्पीड संपला, डावा पंख पडला आणि उमरेड रोडकडच्या तुरीच्या शेतात गेलं. मला वाटलं माझा हात चुकला. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणाले, हात नाही, मागे जड आहे, अशा विमानाला कोणीच सांभाळू शकत नाही. त्या रात्री मी नीट झोपली काका, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पण मी बॅलन्स तर केलं होतं! मुळाशी, म्हणजे विमानाच्या अंगाला जोडतो तिथे, पंख २४ सेंटिमीटर रुंद, त्याच्या साधारण एक तृतीयांशावर, पुढच्या कडेपासून ८५ मिलिमीटरवर खूण केली होती आणि तिथे दोन बोटांवर विमान अगदी सपाट राहायचं. तुम्ही कागदावर पंख काढून दाखवला की टोकाकडे तो निमुळता होत जातो, म्हणून मुळाची रुंदी धरायचीच नाही, सरासरी रुंदी धरायची, ती वीसच्या आसपास येते आणि तिच्या पाव हिश्श्याच्या जरा मागे सीजी, म्हणजे विमानाचा तोल राहतो ती जागा, हवी. म्हणजे मुळाशी मोजलं तर ६५ मिलिमीटर. विमान बॅलन्स होतं, पण चुकीच्या जागी. वीस मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदी हो, तेवढ्यानेच गेलं.

आणि मग ते तीन काटे. तुम्ही आयुष्यात कधी आरसीचा रिमोट हातात धरला नव्हता, पण वायुसेनेत असताना ॲव्हरो आणि एएन-३२ या मालवाहू विमानांचं वजन केलं होतं, तीन चाकांखाली तीन काटे ठेवून. तेच तुम्ही माझ्या डायनिंग टेबलवर केलं. एक काटा माझा, एक काकूंचा, एक समोरच्या ताईंचा. दोन मोठी चाकं दोन काट्यांवर, शेपटीचं चाक तिसऱ्यावर, त्याखाली रिकामा डबा ठेवून काटा शून्य केला आणि लेव्हल लावून विमान उडताना असतं तसं सपाट केलं. बॅटरी आत, प्रोपेलर लावलेला, झाकण बंद, कारण "उडताना जे असतं ते सगळं पाहिजे". डावीकडे ५२२, उजवीकडे ५४०, शेपटीला १३८. एकूण १२०० ग्रॅम. मग प्रत्येक चाकाचं अंतर पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजायचं, मोठी चाकं १० मिलिमीटर मागे, शेपटीचं ६६० मागे, वजन गुणिले अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. उत्तर आलं ८५. जे बोटांनी आलं होतं तेच! मी तर उडीच मारली, पेन्सिलने केलेलं गणित आणि विमान एकच गोष्ट सांगून राहिले होते.

मी म्हटलं, ठीक आहे, नाकात शिसं टाकू, सगळे तेच करतात. तुम्ही हिशोब केला, ९८ ग्रॅम लागलं असतं. आणि तेव्हा तुम्ही सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलंय, खऱ्या हरिकेनच्या नाकात २७ लिटरचं बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन असतं, नुसतं इंजिनच सहाशे किलोच्या वर, म्हणून त्या विमानाला आखूड नाक चालतं. आपण आकार तोच ठेवतो आणि नाकात ११० ग्रॅमची मोटर बसवतो, मग मागे जड होणारच. स्पिटफायर काय, हरिकेन काय, त्या काळातल्या बऱ्याचशा मॉडेल फायटरांना हाच त्रास. म्हणून "नाकात काय टाकू हे नंतर विचार, शेपटीतून काय काढू हे आधी विचार." शेपटीतला एक ग्रॅम काढला की नाकातलं सव्वादोन ग्रॅम वाचतं, कारण शेपटी लांब आहे. शंभर ग्रॅम शिसं घेऊन विमान उडालं असतंही, पण जड झालं की लँडिंग जास्त स्पीडने करावं लागतं आणि वळताना टोकाकडचा पंख दगा देतो.

मग पुढचे तीन रविवार आपण तेच केलं. एलिव्हेटर आणि रडर म्हणजे शेपटीच्या हलणाऱ्या पट्ट्या, त्या हलवणाऱ्या दोन्ही छोट्या मोटरा, म्हणजे सर्व्हो, नऊ-नऊ ग्रॅमचे, मी शेपटीजवळ बसवले होते कारण पुशरॉड, म्हणजे जोडणारी काडी, छोटी राहते, ते काढून पंखावर आणले आणि कार्बनच्या बारीक काड्या मागेपर्यंत नेल्या. शेपटीवरचा रंग आणि पुट्टी घासली, ती एकटीच १४ ग्रॅम निघाली, पॉलिश पेपरची पावडर तुम्ही कागदावर गोळा करून काट्यावर ठेवली होती. बॅटरी १८० ग्रॅमची, तिचा ट्रे कापून ४० मिलिमीटर पुढे सरकवला. परत तीन काटे. आता नाकात फक्त तीन ग्रॅम कमी पडत होते! वर्धा रोडच्या टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगचे चिकटवायचे तुकडे मिळतात, त्यात सगळ्यात छोटा पाच ग्रॅमचा, तोच लावला, जरासं पुढे जड चालतं म्हणाले तुम्ही. उजवा पंख जड होता तो माझ्या दुरुस्तीच्या गोंदाने, त्यासाठी डाव्या टोकाला साडेतीन ग्रॅम. लहानपणी पतंग एकीकडे झुकायला लागला की दुसऱ्या टोकाला चिंधी बांधायचो तसंच.

रंगाचं पण राहिलंच. विमानावर वायुसेनेच्या खुणेचा जो गोल असतो, त्यात मध्ये मी लाल ठिपका दिला होता, तुम्ही म्हणाले बर्माच्या आघाडीवर लाल काढून टाकला होता, जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आपल्याच लोकांनी आपलं विमान पाडू नये म्हणून. तो ठिपका पुसताना मला खरंच अंगावर काटा आला.

संक्रांतीच्या आधी तुम्ही उडवू दिलं नाही, आकाशात मांजा, प्रोपेलरमध्ये अडकला तर संपलं. बरोबर होतं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता, वारा नाही, शेतमालकाला विचारून ठेवलेलं, तुम्ही मफलर बांधून उभे. मी हातातून सोडलं आणि ते सरळ गेलं काका. नाक वर नाही, खाली नाही. उंचावर नेऊन तुम्ही सांगितलं तसं जरा खाली सूर मारायला लावून बोटं काढली, तर हळूहळू स्वतःच सपाट झालं. चार मिनिटं उडालं. उतरताना दोन्ही चाकं एकदम टेकली, हरिकेनची चाकं एकमेकांपासून लांब असतात त्याचा फायदा. मी वळून पाहिलं तर तुम्ही चष्मा पुसून राहिले होते, आणि मग तर्री पोहे खाताना सगळा वेळ फक्त एवढंच बोलले की मोटर गरम झाली होती का ते बघितलं का.

बघितलं होतं. कोमट होती.

मनापासून थँक्यू काका. तुमचा वेळ, तुमची पेन्सिल, आणि माझं विमान खेळणं समजून बाजूला न ठेवता एएन-३२ सारखं तोललं त्याबद्दल. काकूंचा काटा धुऊन पुसून ठेवलाय, रविवारी घेऊन येते. साडेसहाला तयार राहा, आणि स्वेटर घाला, तिकडे शेतात अजून थंडी आहे.