‘मूनलाइट’च्या लयीविषयी आबांना पत्र

व्हिएन्ना

तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ या पियानो सोनाटाची मी पाठवलेली दोन्ही ध्वनिमुद्रणे तुम्ही लक्षपूर्वक ऐकलीत आणि त्यांतले संथ वादनच खरे, दुसरे घाईचे, असा स्पष्ट कौल दिलात, याचा मला फार आनंद झाला. मात्र तो कौल मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

नावातल्या चांदण्याचा विषय आधी बाजूला ठेवू. ही रचना १८०१ सालची. १८०२ मध्ये ती छापली गेली तेव्हा तिच्यावर चांदण्याचा उल्लेखही नव्हता. ती कल्पना लुडविग रेल्श्टाब या समीक्षकाची, आणि तीही रचना छापली गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मांडलेली.

खरा वाद लयीचा आणि पेडलचा, म्हणजे तारांवरचे दाबक उचलून स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीचा, आहे. पहिल्या भागावर ‘अदाज्यो सोस्तेनुतो’, म्हणजे संथ आणि स्वर धरून, अशी सूचना असल्यामुळे तुमची बाजू वरवर भक्कम दिसते. परंतु तालाचे चिन्ह एका मापात, म्हणजे तालाच्या एका खंडात, चार नव्हे, दोनच मुख्य आघात दाखवते आणि प्रत्येक आघातात उजव्या हाताचे सहा स्वर सामावतात. लय फार उतरवली की कान दर तीन स्वरांना एक आघात मोजू लागतो, आणि पाचव्या मापात वरच्या पट्टीत जी सुरावट सुरू होते, तिचा एकच स्वर पुन्हापुन्हा येत असताना त्यांतला धागा तुटतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीविषयी तुम्हीच आम्हांला सांगत आलात की, मात्रेचा मात्रेशी संबंध सुटेल इतकी लय उतरवू नये. जयपूर-अत्रौलीचा ख्याल मध्यविलंबित लयीत बांधीव चालतो, म्हणून सम येण्याआधीच तिची चाहूल लागते. कोल्हापूरच्या देवल क्लबच्या बैठकींत ज्यांचा कान तयार झाला, त्यांना इतकी उतरलेली लय रुचावी याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

पेडलचा प्रश्नही याच लयीशी जोडलेला आहे. सगळा भाग अत्यंत हळुवारपणे आणि तारांवरचे दाबक उचललेलेच ठेवून वाजवावा, असे बेथोव्हेनने लिहून ठेवले आहे. त्या काळच्या इथल्या पियानोच्या तारा बारीक असत, हातोड्यांवर चामडे असे आणि स्वर लवकर विरत असे. त्यामुळे दाबक उचललेले असूनही स्वरांची फारशी गल्लत होत नसे. उलट, लय अतिशय उतरवली असती तर खर्जाचा स्वर पुढचा येण्याआधीच विझून गेला असता. आजच्या पियानोवर तीच सूचना शब्दशः पाळली तर सगळा चिखल होतो. म्हणून बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी याने खर्जाच्या प्रत्येक नव्या स्वराबरोबर पेडल बदलावे असे सांगितले, आणि माझ्या शिक्षिका त्याच मताच्या आहेत. पियानोवादक आंद्राश शिफ मात्र पेडल थोडेसेच दाबून ते तसेच धरून ठेवतात. मी त्यांच्या बाजूचा आहे. सुरुवातीला डावा हात सी शार्प या स्वरावरून ‘बी’वर आणि तिथून ‘ए’वर उतरतो. तेव्हा पेडल पूर्ण बदलले तर प्रत्येक पायरी धुऊन काढल्यासारखी स्वच्छ येते, पण अर्ध्या पेडलने मागच्या सी शार्पची पुसट आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, नव्या स्वराखाली राहते. मला त्या आसेतच या रचनेचा जीव दिसतो.

एका जागी मात्र तुमचे म्हणणे मी मनापासून मान्य करतो. मध्यावर डावा हात बराच वेळ जी शार्प हा एकच स्वर तंबोऱ्यासारखा धरून राहतो आणि उजवा हात त्यावरून वर चढत जाऊन पुन्हा खाली उतरतो. तिथे संथ वादक जो धीर धरतो, तो दुसऱ्या ध्वनिमुद्रणात नाही. तिथे ते खरोखरच घाईचे होते. बहुधा त्याच जागेने तुमचे मत बनवले असावे.

तेव्हा आता एवढे करावे: दोन्ही ध्वनिमुद्रणांची पहिली नऊ-दहा मापे मांडीवर दोनच आघात धरून पुन्हा ऐकावीत, आणि त्या मधल्या जागेपाशी पोहोचण्याआधीच तुमचे मत कागदावर लिहून ठेवावे. मग ते जसेच्या तसे मला कळवावे. विरोधात असले तरी चालेल. आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
बाळू