11 महिन्यांचं ॲग्रीमेंटसुद्धा रजिस्टर करावंच लागतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही गेली पाच वर्षं बदलापूरला भाड्याने राहतोय, आधी पश्चिमेला बेलवलीत आणि आता पूर्वेला कात्रपला. गाव आवडतं म्हणूनच टिकलोय. लोकलमध्ये रोज जाऊन-येऊन तीन तास जातात पण रात्री खिडकी उघडली की वारा येतो, पावसाळ्यात समोर चंदेरीचा डोंगर दिसतो, आणि जेवढ्या भाड्यात ठाण्यात एक खोली मिळणार नाही तेवढ्यात इथे वन बीएचके मिळतो. नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की नदीच्या बाजूला तळमजला घेताना आजूबाजूला विचारून घ्या, 2005 ला आणि 2019 ला उल्हास नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते इथली माणसं बोटाने दाखवतात.

पण पत्र लिहितेय ते ॲग्रीमेंटबद्दल. पहिल्या घराच्या वेळी एजंटने साध्या स्टँपपेपरवर करार टाईप करून आणला, नोटरीचा शिक्का मारला आणि म्हणाला, ताई 11 महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायची गरज नाही, सगळे असंच करतात. आम्हाला काय माहिती, सही केली. 8 हजार भाडं, 40 हजार डिपॉझिट, वर एक महिन्याचं भाडं एजंटला. घर सोडताना मालकांनी रंगाचे आणि साफसफाईचे म्हणून 15 हजार कापले, बाकीचे द्यायला दोन महिने लावले, आणि मी कागद घेऊन एका वकिलांकडे गेले तर ते म्हणाले डिपॉझिट कधी परत द्यायचं, कशाचे पैसे कापायचे यातलं एक अक्षर यात नाहीये आणि रजिस्टर पण नाही, कशाच्या जोरावर भांडणार? पैसे सोडून दिले. ते 15 हजार म्हणजे माझ्या मुलीची वर्षाची ट्यूशन फी होती, अजून जीव तुटतो.

आमच्या मजल्यावरच्या ताईंचं तर त्याहून वाईट झालं. मुलाला आरटीईमधून, म्हणजे खासगी शाळेत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेल्या मोफत जागेवर, शाळेत घालायचं होतं, सगळे कागद जमवले, जातीचा दाखला होता, पण भाड्याने राहणाऱ्यांना पत्त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्टर झालेला भाडेकरारच लागतो आणि तोही फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा. यांच्याकडे नोटरीवालाच कागद. मालकांना हातापाया पडून सांगितलं, ते नाही म्हणाले, तोपर्यंत मुदत गेली. पोराचं वर्ष गेलं हो एका कागदापायी.

ही 11 महिन्यांची समजूत कुठून आली तेही मी शोधलं. देशाच्या 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोक 11 महिने लिहायला लागले. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, जो 31 मार्च 2000 पासून लागू आहे, त्याचं कलम 55 स्पष्ट सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा आपला नेहमीचा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मुदत कितीही असो. आणि ते करायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मालकांना भीती वाटते की रजिस्टर केलं तर भाडोत्री घर बळकावेल. मला हे मनापासून सांगायचंय की उलट आहे. करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, जोपर्यंत मालक चुकीच्या आहेत हे सिद्ध करत नाही. आणि करार असेल, मुदत संपूनही माणूस निघत नसेल, तर कलम 24 प्रमाणे मालकाला घर परत मागता येतं आणि वर भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. म्हणजे कागद पक्का केला तर दोघंही निर्धास्त झोपतात.

खर्च म्हणाल तर स्टँप ड्युटी फक्त पाव टक्का. आमच्या पहिल्या घराचा हिशोब केला, 11 महिन्यांचं भाडं 88 हजार, त्यात डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी व्याज धरून साधारण 3,700, त्याचा पाव टक्का म्हणजे 230 रुपयांच्या आसपास. नोंदणी फी फार तर हजार आणि एजंटचे जे काय ठरतील ते. आता सगळं ऑनलाईन होतं, आधार आणि अंगठा. आत्ताच्या घराचे मालक डोंबिवलीला असतात, सत्तरीचे आहेत, नोंदणी करून देणारा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन त्यांच्या घरी गेला आणि मग आमच्याकडे आला, ऑफिसला सुट्टी पण घ्यावी लागली नाही. काकांनी स्वतःच सांगितलं होतं की रजिस्टर केल्याशिवाय चावी देणार नाही, आणि डिपॉझिट घर सोडायच्या दिवशीच परत हे पण त्यांनीच लिहून घेतलं.

सोसायट्यांनी पण मनावर घ्यावं. काही मालक भाडेकरू ठेवलाय हे कमिटीपासून लपवतात कारण जास्तीचे पैसे लावतील अशी धास्ती असते, पण 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तेवढेच घ्या आणि भाडेकरूच्या नावाची फाईल करताना रजिस्टर कराराची कॉपी मागा, पोलिसात दिलेल्या माहितीची मागता तशीच.

तुम्हाला एक विनंती आहे, शाळांचे फॉर्म सुटायच्या आधी डिसेंबरमध्येच तुमच्या ठाणे जिल्ह्याच्या पानावर कलम 55 आणि हा स्टँप ड्युटीचा हिशोब चौकटीत छापा. आमच्या ताईंना यंदा परत फॉर्म भरायचाय, कात्रण घेऊन त्या मालकांकडे जाणार आहेत आणि मी सोबत जाणार आहे.

आपली,
एक भाडेकरू, बदलापूर (पूर्व)